पाद्रिनो येईपर्यंत हात लावू नये

नुएवा आल्बोरादा वस्तीत लोकांची तब्येत सुधारावी म्हणून व्यायामशाळा काढायचं ठरलं, आणि ती उभी राहीपर्यंत अख्ख्या वस्तीचं वजन वाढलं. यात कुणाचाही वाईट हेतू नव्हता. व्यायामशाळेला पैसा लागतो, आणि लिमा शहराच्या त्या डोंगरावर पैसा उभा करायचा म्हणजे पोयादा करायची, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कोंबडीचे तुकडे लाल मिरचीच्या वाटणात मुरवायचे, कढईभर तेलात तळायचे, सोबत उकडलेले बटाटे आणि थंडगार बिअर ठेवायची आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गळ्यात तिकिटं मारायची. पहिली पोयादा सिमेंटसाठी झाली, दुसरी पत्र्यांसाठी, तिसरी रंगासाठी. चौथी कशासाठी होती ते नंतर कुणालाच आठवेना, पण सगळ्यांत छान तीच झाली होती.

या उद्योगाच्या मुळाशी होती एर्मेलिंदा, आणि एर्मेलिंदाच्या मुळाशी तिचा नवरा तेओफिलो. तेओफिलो दिवसभर तीनचाकी मोटोटॅक्सी चालवायचा, म्हणजे दिवसभर बसून असायचा. आरोग्यकेंद्रातल्या नर्स यानेतने त्याच्या बोटाला सुई टोचली, मशीनवरचा आकडा पाहिला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"तेओफिलोकाका, साखर बघा ही! चालायला जाता की नाही?"

"रोज. अख्खा डोंगर फिरतो."

"गाडीतून," एर्मेलिंदा म्हणाली.

"फिरतो की नाही तेवढं बोल ना!"

यानेत हसली नाही. "असंच चाललं तर पुढच्या वेळी गोळ्या नाहीत, इंजेक्शन. आणि त्यानंतर काय, ते तुम्हाला मी सांगायला नको."

सांगायला नकोच होतं. तेओफिलोच्या थोरल्या भावाचा पाय याच साखरेपायी गुडघ्याखाली कापावा लागला होता. तो विषय निघाला की तेओफिलो उठून गाडी पुसायला जायचा. एर्मेलिंदाला मात्र पुसायला गाडी नव्हती. तिला नुसती भीती वाटायची, आणि भीती वाटली की ती कामाला लागायची.

नवऱ्याचा स्वभाव तिला पुरता माहीत होता. एकट्याने त्याने जागचं बूडही हलवलं नसतं, पण चारचौघं सोबत असली तर हा बाबा डोंगर हलवायला निघेल. म्हणून तिने वस्तीच्या सभेत उभं राहून सांगितलं, "आपण आपली व्यायामशाळा काढू. फी नाही, पगार नाही. आळीपाळीने सगळ्यांनी राबायचं, सगळ्यांनी घाम गाळायचा."

वस्तीचे अध्यक्ष गुमेर्सिंदो यांना भाषणाची संधी लागायची, ती मिळाली. "बंधूंनो आणि भगिनींनो, आरोग्य म्हणजेच भविष्य!" ते गरजले. सगळ्यांनी हात वर केले. मग पैशाचा प्रश्न निघाला आणि घोडं पोयादाकडे वळलं ते वळलंच. तळायला कोण? तेओफिलो. त्याच्यासारखी कोंबडी खालपासून वरपर्यंत अख्ख्या डोंगरात कुणाला जमत नसे.

"काय चाललंय रे, म्हाताऱ्या?" एर्मेलिंदा कढईशी येऊन विचारायची.

"चव बघतोय."

"मघापासून चवच बघतोयस."

"प्रत्येक कोंबडी वेगळी असते, एर्मे."

अशा रीतीने साखर उतरवायची इमारत साखर चढवत चढवत उभी राहिली. आता फक्त आत यंत्रं हवी होती, आणि त्यासाठी कितीही कोंबड्या पुरल्या नसत्या. मग सभेने दुसरा हक्काचा उपाय काढला. पाद्रिनो! बाळाला बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता असतो, तसा या लोकांत लग्नाच्या केकला असतो, घराच्या छपराला असतो, फुटबॉलच्या नव्या चेंडूलाही असतो. ज्याला तो मान द्यायचा, त्याने ती वस्तू आणून द्यायची आणि शँपेनची बाटली फोडून थाटामाटात तिचं उद्घाटन करायचं. व्यायामशाळेचा पाद्रिनो म्हणून एकमताने नाव निघालं इंजिनियर कार्वामाका यांचं. मान्तारो खोऱ्यातून, म्हणजे निम्म्या वस्तीच्याच गावाकडून, रिकाम्या हाताने आलेला हा माणूस आज शहरात लोखंडाचा मोठा व्यापारी झाला होता. त्याला प्रत्यक्ष कुणी पाहिलं नव्हतं, पण अभिमान सगळ्यांना होता.

आणि इंजिनियरसाहेबांनी चक्क ट्रक पाठवला! पळायचा पट्टा, जागच्या जागी चालवायची सायकल, वजनं, बाक. सगळं कसं करकरीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं, वर लाल फितीची फुलं. सोबत फलकावर छापायला साहेबांचा फोटोही आला. सडपातळ बांधा, काळीभोर मिशी, हनुवटी वर. अध्यक्षांनी त्याचा भिंतभर फलक करून घेतला. खाली ठळक अक्षरांत लिहिलं, 'आमचे पाद्रिनो'.

एर्मेलिंदाने कात्री आणली. अध्यक्ष आडवे झाले.

"अहो, करताय काय सेन्योरा! पाद्रिनोने बाटली फोडल्याशिवाय?"

"बाटली फुटेल तेव्हा फुटेल. तोवर माणसं व्यायाम तर करतील!"

"बाप्तिस्म्याच्या आधी कुणी पोराला मिरवतं का? साहेबांच्या कानावर गेलं तर ट्रक जसा आला तसा परत जाईल."

सभेत मतदान झालं आणि एर्मेलिंदा आपटली. पाद्रिनो येईपर्यंत कुणीही यंत्रांना हात लावू नये, असं ठरलं. पट्ट्याच्या दांडीला फितीने शँपेनची बाटली टांगण्यात आली. व्यायामशाळेचे स्वयंसेवक आता आळीपाळीने दारात खुर्ची टाकून बसू लागले, कुणी व्यायाम करू नये म्हणून. शिवाय तेलाचा धूर यंत्रांना लागेल, या कारणाने आवारातल्या पोयादा बंद झाल्या. तेओफिलोने कढई धुऊन पालथी घातली तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता.

एर्मेलिंदा हार मानणारी नव्हती. एका सकाळी राखणदारीण चहाला गेलेली पाहून तिने नवऱ्याला ढकलत ढकलत आत नेलं आणि प्लॅस्टिकसकट पट्ट्यावर उभं केलं.

"चाल."

"घसरतंय, एर्मे."

"घसरत चाल!"

तेओफिलोने दोन पावलं टाकली, प्लॅस्टिक सरकलं, त्याने आधाराला नेमकी बाटली धरली, आणि दारातून किंकाळी आली. "पाद्रिनोची बाटली!" ही सबिना. शिवणकाम करायची आणि जीभही सुईसारखीच चालवायची. बाटली वाचली, पण बातमी डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेली. संध्याकाळी सभा बसली. त्या वस्तीत सामुदायिक कामात कुणी चुकला की त्याला दंड असतो, आणि तेओफिलोच्या खिशात काही नसतं हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून त्याला कामाचा दंड झाला.

साहेब खोऱ्यातले, तेव्हा त्यांच्या स्वागताला खोऱ्यातला वायलार्श नाच व्हायलाच हवा होता. तो सबिना बसवत होती. नाचाला गाणं हवं, गाण्याला भोंगा हवा, आणि भोंगा होता तेओफिलोच्या मोटोटॅक्सीवर. तेव्हा तालीम होईल त्या प्रत्येक संध्याकाळी तेओफिलोने गाडी आवारात आणून उभी करायची, असा ठराव झाला.

पहिल्या दिवशी तो गाडीतच बसून गाणी लावत होता. दुसऱ्या दिवशी सबिनाच्या लक्षात आलं की बायका पुष्कळ आहेत आणि पुरुष कमी.

"तेओफिलो, उतर खाली!"

"माझा दंड फक्त गाडीचा आहे."

"गाडी तुझ्याशिवाय आली का? तूही दंडातच आलास. उतर!"

वायलार्श म्हणजे काही कमरेवर हात ठेवून डुलायचा नाच नव्हे. बैल माती उडवतो तसं जमीन दणाणून टाकायची, उड्या मारायच्या, जोडीदारणीभोवती कोंबड्यासारखं गिरक्या घेत फिरायचं, आणि हसतमुख राहायचं. तेओफिलो पहिल्याच कडव्यात पाण्याच्या टाकीला टेकला.

"अंगण उतरतं आहे," तो धापा टाकत म्हणाला.

नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात खरं. पण इथे अंगण खरोखरच वाकडं होतं. डोंगराच्या उतारावर दुसरं कसं असणार? तरी सबिनाने ऐकून घेतलं नाही. "अंगण सगळ्यांना सारखंच उतरतंय. बटाट्याचं पोतं टाकल्यासारखा पडतोयस तू! साहेब बघतील तेव्हा काय म्हणतील?" आणि तिने भिंतीवरच्या फलकाकडे बोट दाखवलं. साहेब हनुवटी वर करून बघतच होते.

उद्घाटनाचा रविवार जवळ आला आणि साहेबांच्या सेक्रेटरीचा निरोप आला. साहेब व्यापारासाठी परदेशी गेले आहेत, पुढच्या महिन्यात बघू. अध्यक्षांचा चेहरा पडला. सबिना मात्र म्हणाली, "देवाची कृपा! नाहीतर या तेओफिलोने खोऱ्याचं नाक कापलं असतं. आजपासून रोज तालीम!"

पुढच्या महिन्यात साहेबांच्या आईचा गुडघा दुखावला. मग साहेबांना सर्दी झाली, मग गोदामात मालमोजणी निघाली. प्रत्येक वेळी उद्घाटन पुढे गेलं आणि तालीम लांबली. दरम्यान उद्घाटनाला वर्तमानपत्राचा फोटोग्राफर येणार अशी आवई उठली. मग काय, फोटोत मिरवायचा मान चारच जोड्यांना का, म्हणून वरच्या गल्लीतल्या बायका भांडून आत शिरल्या. आपल्या नवऱ्यांनाही त्यांनी ओढून आणलं. खालच्या गल्लीने तेच केलं. दारात राखण करणारे स्वयंसेवकही खुर्च्या बाजूला सारून रांगेत उभे राहिले. संध्याकाळ झाली की सगळा डोंगर असा दणाणायचा की खालच्या वस्तीतले लोक भूकंप समजून एकदा रस्त्यावर आले होते.

एर्मेलिंदा तेवढी नाचत नव्हती. ती टेलिफोन करत होती. साहेबांची सेक्रेटरी तिला आवाजावरून ओळखायला लागली होती.

"बोला, सेन्योरा एर्मेलिंदा. नाही, आजही नाहीत."

"बाई, माझ्या नवऱ्याची साखर तुमच्या साहेबांसाठी थांबणार आहे का?"

"मी निरोप देते."

निरोप म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. एकदा तर ती दोन बस बदलून दुकानात गेली आणि लोखंडी सळ्यांच्या ढिगावर दुपारभर बसून आली. साहेब भेटले नाहीत. घरी परतली तेव्हा आवारात नाच चालला होता. तेओफिलोच्या जोडीदारणीचा पाय मुरगळला होता, आणि तो एकटाच घामाघूम उभा होता. बायकोला पाहून त्याने हात पुढे केला.

"एर्मे, चल."

"मला वेळ नाही. उद्या परत जायचंय त्या मेल्याच्या दुकानात."

"कार्निव्हलात तुला वेळ होता."

तरुणपणी, गावाकडच्या कार्निव्हलात, हाच नाच नाचताना याच माणसाने तिच्या नाकासमोर अशी काही उडी मारली होती की बाकीच्या दोघा उमेदवारांची नावं ती त्या क्षणी विसरली. ते तिला आता आठवलं आणि तिला राग आला, कारण रागावली नसती तर तिला रडू आलं असतं. तिने पिशवी टाकीवर टाकली आणि त्याचा हात धरला. त्या दिवसापासून तीही रोज नाचू लागली. दिवसा फोन, संध्याकाळी नाच.

तेओफिलोची तपासणीची तारीख आली तेव्हा ती धाकधुकीनेच त्याला घेऊन गेली. यंत्रं अजून प्लॅस्टिकमध्येच होती. आता यानेत काय बोलेल, ते तिला पाठ होतं. यानेतने बोटाला सुई टोचली. मशीनकडे पाहिलं. मग मशीन हातावर आपटलं आणि दुसऱ्या बोटाला टोचली.

"काका, काय करताय तुम्ही सध्या?"

तेओफिलो घाबरला. "काही नाही. शपथ! कढई पालथी आहे."

"साखर उतरलीय. चांगलीच उतरलीय. अशीच राहिली तर इंजेक्शनचं नावसुद्धा काढायचं नाही. तुमची ती व्यायामशाळा सुरू झाली वाटतं? कुठल्या यंत्रावर करता?"

"यंत्रांना हात लावायचा नाहीये. पाद्रिनो आले नाहीत ना अजून."

यानेतने एर्मेलिंदाकडे पाहिलं. "तुमच्या वस्तीतून येतो त्या प्रत्येकाचं असंच आहे, काकी. काय चाललंय मला माहीत नाही. पण जे काय चाललंय ते थांबवू नका."

पायऱ्या चढून घरी येताना तेओफिलो पुढे होता आणि शीळ घालत होता. पूर्वी तो मधल्या वळणावर बसायचा. एर्मेलिंदा मागून त्याच्याकडे बघत होती. विजारीला त्याने दोरी बांधली होती, नाहीतर ती खाली आली असती. तिचे डोळे भरून आले. आपण ज्या माणसाला आणायला जोडे झिजवले, तो आला नाही म्हणून हे झालं, एवढं तिच्या लख्ख लक्षात आलं.

आवारात पोचतात तो अध्यक्ष हात पसरून धावत आले. "आले! म्हणजे, येताहेत! या रविवारी, नक्की! सेक्रेटरीचा स्वतः फोन आला. म्हणाली, त्या सेन्योरा एर्मेलिंदाला सांगा आणि आता माझा पिच्छा सोडा!"

सगळ्यांनी तिला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. सबिना पायरीवर बसून पाय दाबू लागली. "सुटले बाई! रविवारी एकदा नाचायचं, की मग पुन्हा कुणी माझ्यापुढे वायलार्शचं नाव काढायचं नाही."

"आणि रविवारी रात्री पोयादा!" तेओफिलो ओरडला. "मी आत्ताच कढई सुलटी करतो."

अंगणभर जल्लोष झाला. एर्मेलिंदा हसली, सगळ्यांचे हात हातात घेतले, आणि हळूच पाण्याच्या टाकीमागे जाऊन फोन लावला. सेक्रेटरी घरी गेली होती. फोन एका जाड, दमल्या आवाजाने उचलला.

"कार्वामाका बोलतोय."

एर्मेलिंदाने फोन दोन्ही हातांनी धरला. "साहेब… मी एर्मेलिंदा. नुएवा आल्बोरादाची."

"येतोय, येतोय सेन्योरा! रविवारी येतोय."

"तेच, साहेब. येऊ नका."

मग त्या आवाजाने असा काही सुस्कारा सोडला की तिने फोन कानापासून दूर धरला.

"खरंच नको येऊ?"

"नकोच. पण तुम्हाला राग नाही आला?"

"सेन्योरा, तुमच्या अध्यक्षांनी कळवलंय की पाद्रिनो सगळ्यांदेखत पट्ट्यावर पहिला किलोमीटर पळणार आणि त्याचा व्हिडिओ काढणार. मी दुकानाचा जिना चढलो तरी वरती बसून राहतो! ती यंत्रं माझीच होती. डॉक्टरने घ्यायला लावली. घरात दिसली की बायको 'चढा, चढा' म्हणून मागे लागायची. म्हणून प्लॅस्टिकही न काढता वस्तीला देऊन टाकली. वाटलं, पुण्यही लागेल आणि सुटकाही होईल."

"पण फलकावर तर तुम्ही…"

"तो लग्नातला फोटो."

एर्मेलिंदाने डोकावून भिंतीवरच्या सडपातळ साहेबांकडे पाहिलं. मग दोरीने विजार बांधलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. तो कढई घासायला राख शोधत होता.

"साहेब, तुम्ही खोऱ्यातलेच ना? वायलार्श येतो?"

"यायचा एके काळी."

"मग रविवारी येऊ नका. सोमवारी संध्याकाळी या. ट्रकने नको, बसने. टोपी घालून."

फोन ठेवून ती अंगणात आली ती तोंड पाडून. "रद्द," ती म्हणाली. "साहेबांना अचानक काम निघालं. म्हणाले, नाच मात्र झकास तयार ठेवा, मी कधीही येईन, न सांगता." यातलं खोटं नेमकं कुठलं, हा विचार तिने नंतर करायचं ठरवलं. आवारातून एक लांबलचक 'अरेरे' उठला. तेओफिलोने मुकाट्याने कढई पुन्हा पालथी घातली. सबिना कण्हत उठली आणि टाळी वाजवली. "ऐकलंत ना? न सांगता येणार! म्हणजे रोज तयारीत राहायला हवं. लावा गाणं!"

सोमवारी मागच्या रांगेत एक नवा माणूस दिसला. पोट हे असं, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. आपला खोऱ्यातला लांबचा नातेवाईक, असं एर्मेलिंदाने सांगितलं. भिंतभर फलकाखालीच तो उभा होता, पण कुणाला काही वाटलं नाही. पहिल्या कडव्यालाच तो पाण्याच्या टाकीला टेकला.

"अहो, टोपीवाले पाहुणे!" सबिना कडाडली. "ही काय उडी झाली? लाज वाटू द्या जरा! उद्या इंजिनियरसाहेब आले, त्यांनी तुम्हाला पाहिलं, तर काय म्हणतील?"

पाहुण्याने टोपी आणखी खाली ओढली. "चुकलं, सेन्योरा," तो धापा टाकत म्हणाला. "पुन्हा करतो."

"अंगण उतरतं आहे, काका," तेओफिलोने त्याला समजुतीने सांगितलं. "होईल सवय. मीही असाच होतो."

एर्मेलिंदा तेवढ्यात व्यायामशाळेत जाऊन आली. आज धूळ पुसायची पाळी तिची होती. बाटलीची फीत सैल पडली होती. तिने ती सोडवली, दुहेरी गाठ मारून घट्ट बांधली, आणि दाराला कुलूप घालून नाचायला गेली.